बाधा तापाची, बाधा गोळीची

माझ्या डोहाळजेवणाला अख्ख्या गल्लीनं ओटी भरली. नारळ, खण, गहू, खारका, हळकुंडं, आणि त्यातल्याच कुणीतरी फ्लू. कुणी ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळलं तरी नाव घेणार नाही, कारण त्या सगळ्याजणी माझ्याच पार्लरला येतात. एक काकू ओटी भरता भरता खोकत होत्या एवढं आठवतंय. "काय न्हाई गं, धूळ गेली घशात," म्हणाल्या. मी हिरवा चुडा घालून, फुलांची वाडी लेवून बसले होते. मला कुठं त्या खोकल्याचं पडलं होतं!

मी अश्विनी. नांदेडला तरोडा नाक्याजवळ माझं छोटंसं ब्युटी पार्लर आहे. माहेर लातूरचं. हे लिहायला बसले कारण पार्लरमध्ये दर चार दिवसाला कुणीतरी पोटुशी बाई खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि विचारते, "ताई, तुम्ही ती फ्लूची गोळी घेतली होती ना पोटात बाळ असताना? काही झालं तर नाही ना?" आयब्रो करताना दोरा दातात असतो, एवढी मोठी गोष्ट सांगायची कशी? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही. माझं काय झालं, तेवढंच सांगते.

मॅडम काय म्हणाल्या

डोहाळजेवणानंतर दोन दिवसांनी अंग मोडून आलं. म्हणलं, दिवसभर पाटावर नटून बसल्याचा शीण असेल. दुपारपर्यंत हुडहुडी भरली, आणि आईनं कपाळाला हात लावला तो चटकन मागं घेतला.

आई म्हणजे माझी लातूरची आई. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती मला न्यायला आली होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. तर घरात त्या आठवड्यात दोन आया होत्या आणि स्वयंपाकघर एक. आधीच सांगते, दोघींचं भांडण कधीच होत नाही. दोघी एकमेकींशी इतकं गोड बोलतात, की मधल्या माणसाला धडकी भरते.

आत्याबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टर मॅडमनी घसा बघितला, छाती तपासली, स्वतः मास्क लावला, मलाही दिला आणि म्हणाल्या, "फ्लूची बाधा दिसतेय. नाकातला नमुना तपासायला पाठवू, पण रिपोर्टची वाट बघत बसू नका. गोळी घरी गेल्या गेल्या सुरू करा. ताप आल्यावर ती जितकी लवकर पोटात जाईल तितका तिचा उपयोग."

आत्याबाई शेजारच्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यातला एकच शब्द त्यांनी पदराला बांधला.

ऑटोत बसल्या बसल्या म्हणाल्या, "ऐकलंस ना? बाधा हाय म्हणली डॉक्टरीण."

"आत्याबाई, फ्लूची बाधा."

"मी बी तेच म्हणायले की. एवढी शिकलेली बाई, तिला बी दिसली. सातव्या महिन्यात एवढं नटवून चारचौघीत बसवू न्हाई, मी कवाच म्हणलं होतं. पण माझं ऐकतंय कोण!"

आता बघा. पेपरात विषाणूची बाधा असते. आत्याबाईंच्या गावाकडं बाधा म्हणजे बाहेरचं लागणं, कुणाची नजर, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. मॅडमचं आणि आत्याबाईंचं निदान एक, शब्दही एक, फक्त उपाय वेगळे! मला तापातही हसू येत होतं, पण हसलं की बरगड्या दुखायच्या.

घरचं कोर्ट

गोळ्यांचं पाकीट टीव्हीपुढच्या टीपॉयवर ठेवलं आणि सगळे त्याच्याभोवती बसले.

आई म्हणाली, "अशूच्या वेळेला मी डोकं फुटायला लागलं तरी साधी गोळी खाल्ली न्हाई. आन् ही असली ताकदीची? गरम पडती माय, लेकराला सोसत न्हाई."

"विहीणबाई अगदी बरोबर बोलल्या," आत्याबाई म्हणाल्या. "आधी बाधा उतरू द्या, मग गोळीचं बघू."

तेवढ्यात आमचे हे आले. यांचं मुदखेडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, रोज रेल्वेनं अप-डाऊन करतात. त्या दिवशी दुकान अर्ध्यातच बंद करून आलेले. आल्या आल्या मोबाईल काढला आणि गोळीचे दुष्परिणाम मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "मळमळ. उलटी. डोकेदुखी. चक्कर. भास..."

"भास?" आई उडालीच.

"क्वचित, असं लिहिलंय."

"अहो, मग ते मोठ्यानं कशाला वाचायलात?" मी कण्हत म्हणलं. मग ते फायद्यांपाशी आले, आणि ते मात्र यांनी मनातल्या मनात वाचले!

मला असा राग आला म्हणता! पोट माझं, ताप माझा, घसा माझा, आणि मला सोडून सगळे ठरवायले. पण खरं सांगते, पाकीट हाताच्या अंतरावर होतं आणि मीही ते उचललं नाही. ताप ओळखीचा होता, लहानपणापासून येत-जात होता. गोळी अनोळखी. तापानं बाळाला काही झालं तर नशीब म्हणता येईल, गोळीनं झालं तर मी स्वतःच्या हातानं केलं असं होईल, हे माझ्या मनात घट्ट बसलं होतं. तापाला कुणी परवानगी विचारली नव्हती, त्यामुळं त्याचा धोका कुणी मोजतच नव्हतं.

तोवर आत्याबाईंनी मूठभर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. याचा एक नियम असतो. नजर असेल तर मिरच्या जळूनही वास येत नाही, ठसका लागत नाही. ठसका लागला तर नजरबिजर काही नाही.

मिनिटाच्या आत घरात कुणाला उभं राहवेना. हे गॅलरीत पळाले. आई नाकाला पदर लावून खिडक्या उघडत सुटली. मी आतल्या खोलीत दार लावून पडले होते तरी खोकून खोकून पोटाला पीळ पडला. समोरच्या घरातून शबाना आपा ओरडल्या, "क्या जला रे बाबा? मिर्चीका गोदाम?" आपांच्या घरी पिढ्यान् पिढ्या शिलाईचं काम आहे, माझ्या पार्लरच्या पडद्यांपासून डोहाळजेवणाच्या ब्लाउजपर्यंत सगळं त्यांनीच शिवलेलं.

धूर ओसरला. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. डोळे लाल, नाक गळायलेलं. पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ठसका लई लागला. म्हंजी बाहेरचं काय न्हाई. डॉक्टरणीचीच बाधा खरी हाय."

कुणी वाद घातला नाही, समजावलं नाही. स्वतःच्याच नियमानं बाई हरल्या आणि तिथंच कबूल झाल्या. मी त्या क्षणी त्यांना मनापासून मानलं.

आणि लगेच माझा हात पोटावर गेला, आणि माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून बाळ हाललेलं नाही.

पट्टा

रोज दुपारी जेवण झालं की ते लाथा मारायचं. पार्लरमधल्या बायका हात लावून बघायच्या आणि पैजा लावायच्या, मुलगा का मुलगी. मी पाणी प्याले. गुळाचा खडा खाल्ला. डाव्या कुशीवर झाले. "ए बाळा, हाल ना रे," म्हणलं. काहीच नाही. मॅडमना फोन लावला तर त्या एवढंच म्हणाल्या, "आहेस तशी ऊठ आणि ये."

ऑटोत आत्याबाईंनी माझा एक हात धरलेला, आईनं दुसरा. हे पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर बसलेले.

दवाखान्यात पोटाला पट्टा बांधला. सिस्टर तो इकडं सरकवायची, तिकडं सरकवायची. तेवढ्या वेळात मी माहूरच्या रेणुकामातेपासून सुरुवात करून येतील तेवढ्या देवांची नावं घेतली. आणि मग आवाज आला. टकटक, टकटक, भराभरा. आई हुंदका देऊन रडली आणि आत्याबाईंनी सिस्टरचाच हात कपाळाला लावला.

मॅडम म्हणाल्या, "ठोके आहेत. आईला ताप आहे म्हणून बाळाचं काळीज पळतंय. दाखल करून घेतो. गोळी कधी घेतली?"

आम्ही चौघंही भिंतीकडं बघायला लागलो.

"घेतली नाही? तुमच्या कपड्यांना जळक्या मिरच्यांचा वास येतोय! तेवढं करायला सुचलं आणि मी दिलेली गोळी तशीच?"

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, बाहेरचं काय न्हाई, तेवढं मी बघून घेतलंय." मॅडमना हसू आवरेना, पण त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

मग मी विचारलं. "मॅडम, गोळीनं माझ्या बाळाला काही झालं तर?"

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "हे बघ अश्विनी, कुठल्याच गोळीला काहीच त्रास नाही असं मी सांगणार नाही. ही घेतल्यावर मळमळेल, उलटी होईल, डोकं दुखेल. पण आजवर खूप गरोदर बायकांना ही दिलेली आहे आणि बाळाला अपाय होतो असं काही दिसलेलं नाही. उलट सातव्या महिन्यात फ्लू छातीत उतरला, तर तुला आणि बाळाला दोघांनाही जड जाऊ शकतो. तुझ्या उलटीची मला भीती नाही. तुझ्या तापाची आहे."

मला सगळ्यात जास्त आधार कशाचा वाटला सांगू? त्या 'मी सांगणार नाही'चा. ठाम सांगणारे सगळे आमच्या घरात बसले होते. या बाईनं दोन्ही बाजू माझ्यापुढं मांडल्या आणि ठरवायचं माझ्यावर सोडलं. मी गोळी मागून घेतली आणि पाण्याबरोबर गिळली.

आणि ती बाधली

थोड्याच वेळात भडाभडा उलटी झाली.

आई दारातूनच ओरडली, "बघा! बाधली गोळी!"

आत्याबाई तिच्या मागं. "विहीणबाई, कोणती बाधा? नीट सांगा बाई, मला आता ह्या शब्दाचीच धास्ती बसली हाय."

मला हसू फुटलं. उलटी चालू आणि हसू चालू! सिस्टर पाठ चोळता चोळता म्हणाली, "सकाळपासून काय खाल्लंत?" चहा आणि गुळाचा खडा. "मग होणारच की. पोटात काहीतरी असू द्या, मग ही गोळी सोसते." मॅडमना विचारून पुढचा डोस ठरला. आपल्या मनानं बंद करायची नाही आणि आपल्या मनानं डबलही घ्यायची नाही, हे सिस्टरनं आम्हा सगळ्यांना वर्गातल्या पोरांसारखं म्हणायला लावलं.

पण खायचं काय? आईची भाताची पेज तोंडाशी आली की पोट ढवळायचं. आत्याबाईंचं मुगाचं वरण, तेच. मग शबाना आपा डबा घेऊन आल्या, खिचडी-खट्टा. मसुरीची पिवळी मऊ खिचडी आणि वर चिंच, तीळ, शेंगदाण्याचा पातळ आंबट खट्टा. झाकण उघडलं आणि दिवसभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

"तीळ!" आईनं डबाच झाकला. "सातव्या महिन्यात तीळ? गरम पडतात!"

आपा मास्क लावून दारातच उभ्या होत्या. "अम्मा, चमचाभर तीळ हाय, पोतंभर थोडंच टाकलंय!"

मॅडम राउंडला आल्या तेव्हा हा खटला त्यांच्यापुढं गेला. त्या म्हणाल्या, "जे पोटात राहतंय ते खाऊ द्या तिला." मी खिचडी-खट्टा खाल्ला, मागून गोळी घेतली, आणि गोळी पोटात राहिली. त्यानंतर दोन्ही वेळा आपांचा डबा यायचा. आई झाकण उघडून तीळ किती आहेत ते बघायची आणि मग मुकाट्यानं वाढायची.

दाखल होते तोवरचे दिवस म्हणाल तर सगळे एकसारखे. काखेत थर्मामीटर, दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, मग पोटाला पट्टा. सोबत एकालाच राहायची परवानगी, म्हणून सकाळी लातूर आणि संध्याकाळी नांदेड अशी पाळी लागली. आई गेली की आत्याबाई म्हणायच्या, "विहीणबाईंनी चादर किती छान घातली बघ," आणि ती काढून पुन्हा घालायच्या. डोकं दुखायचं, तोंडाची चव गेलेली, आणि पोटातला आवाज मोजायला सिस्टर आली की मी पुन्हा रेणुकामातेपासून सुरुवात करायचे. ठोके होते. पण लाथ नव्हती.

एका दुपारी डोळा लागला तर स्वप्नात माझ्या पार्लरमध्ये एक म्हैस आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आयब्रो जरा बारीक करा हं." गोळीमुळं का तापामुळं, देव जाणे. सगळे हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. जागेपणी काही वेगळं दिसतं का, ऐकू येतं का, गोंधळल्यासारखं वाटतं का, हे त्यांनी नीट विचारलं. तसं काही नव्हतं. पण सांगायला पाहिजे होतं, लपवायचं नसतं.

मग एका सकाळी घाम फुटून ताप उतरला. हे मला भेटायला आलेले. मी पाठीला उशी लावून बसले होते आणि खट्ट्याची वाटी पोटावर टेकवली होती. हे मान खाली घालून म्हणत होते, "मी ते मोठ्यानं वाचायला नको होतं..." आणि वाटी हालली.

आम्ही दोघं वाटीकडं बघत राहिलो. पुन्हा हालली, आणि एवढ्या जोरात, की खट्टा सांडला चादरीवर.

"हाललं! अहो हाललं! सिस्टर!" मी एवढ्यांदा ओरडले की सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊनच पळत आली. हे तर रडायलेत का नाचायलेत ते कळत नव्हतं. साफसफाईच्या मावशी चादर बघून करवादल्या, "आताच बदलली होती की गं बाई!" मला तर त्यांचं ओरडणंसुद्धा गोड लागलं. मी म्हणलं, "मावशी, अजून दहा चादरी धुवायला देते, पण याला लाथा मारू द्या."

मग घ्यावी का घेऊ नये?

रिपोर्ट फ्लूचाच आला. गोळी घेतली नसती तर काय झालं असतं? मला माहीत नाही. कदाचित ताप आपला आपण गेला असता. कदाचित नसता गेला. गोळीनं मला ओकवलं, डोकं धरायला लावलं, म्हशीची गिऱ्हाईकी दाखवली. तेवढ्याच्या बदल्यात माझी छाती मोकळी राहिली असेल, तर सौदा माझ्या फायद्याचा झाला असं मी म्हणते.

पण लगेच सगळ्यांनी मेडिकलवर धावू नका हं! मी घरी आले आणि यांना ताप आला. हे ऐटीत मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं गेले, म्हणाले, "मलाही तीच गोळी द्या." डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तुम्ही धडधाकट आहात. पाणी प्या, आराम करा, दम लागला तर लगेच या. तुम्हाला तिची गरज नाही." हे दिवसभर फुगून बसले होते. मला गरज होती, यांना नव्हती, एवढाच त्यातला फरक. शेजारच्या दोघी-तिघींनी उरलेल्या गोळ्या मागितल्या. उरलेल्या नव्हत्याच, मी सगळ्या संपवल्या होत्या. आणि असत्या तरी दिल्या नसत्या.

तुम्हाला दिवस असतील आणि ताप आला, तर घरच्या कोर्टाआधी डॉक्टरांकडं जा. मनातली भीती तोंडानं विचारा. आणि गोळीबरोबर पोटभर खा.

लातूर

मॅडमनी तपासून हो म्हणल्यावर आईनं मला लातूरला नेलं. बाळंतपणाची वेळ आली तेव्हा आत्याबाई नांदेडहून "नुसतं तोंड बघून जाते" म्हणून आल्या, आणि बॅगेत पंधरा दिवसांचे कपडे होते.

मुलगी झाली. जन्मल्यावर रडली आणि मग दुपट्यात गुंडाळून माझ्याजवळ शांत झोपली. आई एका बाजूला, आत्याबाई एका बाजूला, दोघींना मास्क, कुणी सांगितलं नसताना. आम्ही तिघी तिच्या एवढ्याशा नाकाकडं बघत होतो.

आणि ती शिंकली.

आत्याबाई चपला न घालता तशाच बाहेर पळाल्या. "डॉक्टर! ओ डॉक्टर! लेकरू शिंकायलंय! गोळी द्या काहीतरी!" मागून आई. "गोळी न्हाई तर थेंब तरी द्या!" गरम पडेल का, सोसेल का, एका शब्दानं कुणी विचारलं नाही.

डॉक्टर धावत आले, बाळाला तपासलं आणि हसायला लागले. "आजी, नवी बाळं शिंकतातच. नाक साफ करून घेते ती आपलं. काही द्यायचं नाही."

"एकदा न्हाई, दोनदा शिंकली ती," आत्याबाई हटायला तयार नव्हत्या.

तेवढ्यात तिसरी शिंक आली. दोघींचे चेहरे पडले. मी लेकीला छातीशी घेतलं. इवलंसं अंग कढत नव्हतं, ऊबदार होतं, आणि पाय दुपट्यातून लाथा झाडत होते. मला एकाच वेळी रडायला आणि हसायला आलं.

"शिंकू द्या हो आत्याबाई," मी म्हणलं. "ही गप्प राहिली की मला भ्या वाटतं."